ज्याची त्याची गिटार

कामशेत,
१२ ऑगस्ट २०२४

ती. शकुआत्या हीस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मी ओरडायचं, तू हॅलो हॅलो करायचं आणि शेवटी दोघांनी घसा धरून बसायचं, त्यापेक्षा हेच बरं. तुझ्या कानांची मला काळजी नाही. माझी गिटार ज्यांना धड ऐकू येते, त्या शेजाऱ्यांची आहे.

शिकवणी सुरू झाली. सगळ्यांना एकाच पुस्तकातून हाकायचं नाही, ज्याला जसं झेपेल तसं शिकवायचं, असं मी ठरवलंय. पहिले शिष्य कार्ल्याचे केरबाभाऊ. त्यांची म्हैस चंपी पान्हा सोडत नव्हती, तिला बाजा ऐकवा असं कोणीतरी सांगितलं. भाऊ आल्या आल्या म्हणाले की आपल्याला लय काय नको, एकच सूर द्या, पण चंपीला पटंल असा. मी गोठ्यात बसून एकेक कॉर्ड वाजवून पाहिली. सी वाजवली की चंपी कान हलवून दूध देते, डी वाजवली की लाथ. तेव्हा भाऊंच्या अभ्यासक्रमात फक्त सी आहे. तो केव्हाच संपला, पण ते उजळणीला येतात.

दुसरे लोणावळ्याचे अतुलराव, रेल्वेतले निवृत्त गार्ड. बोटं सुरेख चालतात, पण हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय गाणं सोडायचं नाही ही जन्माची सवय, आणि झेंडा हातात असला की गिटार धरता येत नाही. म्हणून झेंडा मी दाखवतो. तिसऱ्या लैलाभाभी, त्यांचं चिक्कीचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की वादन बंद, आणि लोणावळ्यात गिऱ्हाइकाला काय तोटा! त्यांना मी गाण्यांच्या नुसत्या सुरुवाती शिकवतो. ढीगभर येतात, शेवट एकाचाही येत नाही.

दादा माझ्याशी अजून बोलत नाहीत. मी कंपनीतली पर्मनंट नोकरी सोडली त्याला वर्ष होत आलं. मी समोर जेवत असताना ते आईला सांगतात की त्याला म्हणावं आमटी घे. आई वैतागून म्हणते की मी काय टेलिफोन एक्सचेंज आहे का. तुला हसू येईल, पण आत्या, मला हे आता खरंच सहन होत नाही गं. तू त्यांची मोठी बहीण. काहीतरी सुचव.

आशीर्वाद असू दे, आणि रागवायचं झालं तर पत्रातच रागव.
तुझा,
प्रज्ञेश


सोमाटणे,
१९ ऑगस्ट २०२४

चि. प्रज्ञेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून एकटीच इतकी हसले की सूनबाई गोळी घेऊन धावली. बाळा, मी जन्मभर शाळेत एकच धडा अख्ख्या वर्गाला शिकवला आणि रात्री गाढ झोपले. तू मात्र म्हशीच्या आवडीनिवडी विचारत बसलास. नसती उठाठेव, पण मला आवडली.

तुझ्या बापाचं, रतनचं म्हणशील तर तो लहानपणापासून हट्टी. एका शेळीनं त्याच्या दप्तराचा पट्टा खाल्ला, तर हा महिनाभर तिच्याशी बोलला नव्हता. शेळीला त्याचं काही वाटलं नाही, तुला वाटतं, एवढाच फरक. असा माणूस समजूत घालून वळत नाही, त्याला डोळ्यांनी दाखवावं लागतं. विहाराच्या सभागृहात कार्यक्रम ठेव. तिघांनी मिळून एक गाणं वाजवू दे. रतननं पहिल्या रांगेत बसावं, असं मी त्याला वेगळं लिहिते. थोरल्या बहिणीचा शब्द तो मोडायचा नाही.

माझे गुडघे यायचं नाही म्हणतात. सगळं सविस्तर कळव. आईला माझी आठवण सांग, आणि एक्सचेंज आणखी थोडे दिवस चालू ठेव म्हणावं.
तुझी बहिरी पण सावध,
आत्या


कामशेत,
९ सप्टेंबर २०२४

ती. शकुआत्या हीस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

कार्यक्रम झाला. म्हणजे सुरू झाला, असं म्हणू.

दादा तुझ्या हुकमाप्रमाणे इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत होते. माझी चूक मला मंचावर चढल्यावर कळली. तिघांना इतकं ज्याचं त्याचं शिकवलं की एकत्र वाजवायला शिकवायचं राहूनच गेलं! लैलाभाभींनी झोकात सुरुवात केली, तेवढ्यात उशिरा आलेले नथूतात्या दारात दिसले. भाभींनी गिटार खाली ठेवली आणि शेंगदाणा देऊ की काजू, असं विचारलं. तात्यांनीही पाव किलो काजूची सांगून टाकली.

झेंडा मी घरी विसरलो होतो. अतुलराव हात आवरून बसले. मग हिरव्या साडीतल्या एक बाई पाणी प्यायला उठल्या आणि ते जे सुटले, ते बाई खाली बसेपर्यंत थांबले नाहीत. केरबाभाऊ चंपीशिवाय वाजवणार नव्हते, म्हणून तिला खिडकीबाहेर बांधली होती. सी कानावर पडताच तिनं पान्हा सोडला. दूध वाया कसं घालवायचं, म्हणून भाऊंच्या बायकोनं तिथंच धार काढली आणि त्याचा सगळ्यांना चहा झाला. लोक म्हणाले की असा कार्यक्रम दरवर्षी पाहिजे.

पण दादा चहाच्या आधीच उठून गेले. मागे वळूनही पाहिलं नाही. मी त्यांची चारचौघांत मान खाली घालवली, दुसरं काय! आता पुढच्या आठवड्यात कंपनीत जाऊन परत घेता का विचारणार आहे. बापाशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून गिटार सोडावी लागली, तर सोडीन.

तुझी माया आहे म्हणून हे तुलाच लिहितो.
प्रज्ञेश


सोमाटणे,
१३ सप्टेंबर २०२४

चि. प्रज्ञेश यास,
आशीर्वाद, आणि कानाला एक चिमटा.

कंपनीत जाऊ नकोस. परवा रतन एस.टी.नं इथे आला. पाणी प्यायला आणि माझ्या त्यातल्या त्यात बऱ्या कानात ओरडायला लागला. मला वाटलं, कार्यक्रमाची तक्रार. तक्रारच होती, पण भलतीच. म्हणाला की पोराला म्हशीला शिकवायला येळ हाय, बापाला एकदा इचारलं न्हाई!

मी म्हटलं की अरे, तू बोलत नाहीस तर तो विचारणार कसा? तेव्हा त्यानं डावा हात पुढे केला. तुला ठाऊकच आहे, त्याचं पहिलं बोट कारखान्यात प्रेस मशीनमध्ये अर्धं गेलेलं. ह्या हाताला कोण शिकवणार, म्हणून गप ऱ्हायलो, असं म्हणाला आणि चहा बशीत ओतत बसला. मला रडू आलं आणि हसूही आलं. एवढा दांडगा माणूस, आणि म्हशीवर रुसलेला.

शिकायला तयार आहे. अट एकच, तो बोलणार नाही, तसा त्यानं स्वतःला शब्द दिलाय. न बोलणाऱ्याची शिकवणी कशी घ्यायची ते तू बघ. चंपीला जमवलंस, माझा भाऊ त्याहून फार अवघड नसावा.

मायेत उणं नाही, पत्र लवकर टाक.
आत्या


कामशेत,
२ ऑक्टोबर २०२४

ती. शकुआत्या हीस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

आत्या, तो हात मी जन्मापासून पाहत आलो, पण नीट कधी पाहिलाच नव्हता. तुझं पत्र वाचून गिटारच्या सगळ्या तारा काढल्या आणि उलट्या क्रमानं लावल्या. आता तारा दाबायच्या उजव्या हातानं, छेडायच्या डाव्यानं. छेडायला अर्धं बोट पुरतं.

संध्याकाळी गिटार पुसून मागच्या खोलीत वाट पाहत बसलो. दादा हॉलमध्ये पेपर वाचत होते, मध्ये एक पडदा. ते आलेच नाहीत. शेवटी आईनं निरोप आणला की घरात बसून शिकवणी होत नसते, शिकायला जावं लागतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली, छत्री घेतली, चपला घातल्या आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. आईला वाटलं, बाजारात चालले. ते शेजाऱ्यांच्या अंगणातून, आपल्या भिंतीला वळसा घालून, चिखल तुडवत मागच्या दाराशी आले. कडी वाजली. मला वाटलं, कोणी नवीन विद्यार्थी असेल.

दार उघडलं तर दादा. चपला काढून, छत्री मिटून उंबऱ्याबाहेर उभे होते. आणि त्यांनी थेट माझ्याकडे बघून, मलाच विचारलं की आत येऊ का.

मी नुसतीच मान हलवली गं.

आज एवढंच लिहवतं. माया आहेच.
तुझा,
प्रज्ञेश