पायातला एको

डॉक्टरताई येसेनिया,

देव तुमचे हात जपो. हे पत्र माझ्या बायबलमध्येच राहील, तुम्हाला द्यायचा धीर नाही.

माझे यजमान सेगुंदो यांच्या पायाची धमनी तुंबून पाऊल काळं पडत चाललं होतं. तुम्ही म्हणालात, "धमनीच्या आतून एको करू." आम्हा अंबातोच्या बायकांना एको माहीत, म्हणजे पोटातलं बाळ बघायची सोनोग्राफी! मला वाटलं, ही पोर दुसरीचाच कागद वाचतेय. मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. "हिला बदला हो, पाय वाचवायचाय."

"पाय वाचवायचाय ना? मग तीच हवी," ते म्हणाले.

शस्त्रक्रियेत हे जागेच होते. एकोची बारीक नळी आत सरकली तेव्हा यांनी विचारलंच म्हणे, "डॉक्टरताई, मुलगा की मुलगी?"

"धमनीत बसवलेली स्टेंटची जाळी आहे, सेगुंदोकाका, आणि अजून पुरती उघडली नाहीय. गप पडा बघू!"

एक्स-रेत सगळं ठीक दिसत होतं, बाकीचे आवरायला लागले होते. तुम्ही मात्र आतलं चित्र पाहून थांबलात आणि जाळीतला फुगा पुन्हा फुगवलात. वरून नीट दिसतंय म्हणून हात न झटकणारं माणूस मी क्वचितच पाहिलंय.

नंतर तुम्ही माझा हात धरून यांच्या पावलावर ठेवलात. पाऊल कोमट होतं आणि ठोका लागत होता. मी रडले, पण तुमची तक्रार केल्याचं बोलले नाही.

काल नर्सने सांगितलं, माझी तक्रार तुम्हाला शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच कळली होती.

रोज जपमाळेत तुमचं नाव घेणारी,
सोइला