एका पातेल्यातलं वरण

२ डिसेंबर
आले एकदाची बोरी अरबला! सासर म्हणजे घरभर कापूस, मागे तुरीचं वावर आणि चार मुकी माणसं. आमच्या माहेरी चहा मागायचा तरी बोंब ठोकतात, इथे देवळासारखं शांत. अमर माझ्या थट्टेला हसत नाही, हसवीन. नणंद समीक्षाताईंना कानात आवाज येतात, हे सासूबाईंनी लग्नाआधीच सांगितलं होतं. लपवलं नाही, म्हणूनच मी हो म्हटलं.

५ डिसेंबर
इथली रीत न्यारी. एकाच पातेल्यातलं वरण, आधी सगळ्यांनी खायचं, मग ताईंनी. नाहीतर त्यांना जेवणात विष आहे असं वाटतं. सासरे नानाजी खाली मान घालून भुरकतात. वरण जरा कडसर लागतं.

११ डिसेंबर
दुपारभर झोपते. अमर म्हणाला, सुरुवातीला होतं, मग सवय होते.

१९ डिसेंबर
सासूबाई वरणात ताईंच्या गोळ्या कुटून टाकत होत्या. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, "काय करू बाई? हातात देल्ली तं थुकते. एकटीच्या वाटीत टाकली तं ओयखते. मंग आमी समदेच खातो." वर्षानुवर्षं! मी भांडायला हवं होतं. मी पोळ्या लाटल्या.

२८ डिसेंबर
मला दिवस गेलेत. अमरला सांगितलं, वरण बंद, बाळाला काही झालं तर? त्याने मान डोलावली. संध्याकाळी ताईंनी माझं कोरडं ताट पाहिलं आणि आपलं दूर सरकवलं.

३१ डिसेंबर
ताई जेवत नाहीत. भिंतीवर डोकं आपटतात. सासूबाईंनी माझे पाय धरले. त्यांना रडू येत नव्हतं. म्हणाल्या, "या गोळ्यांनी रडूबी येत नाई."

२ जानेवारी
खाल्लं. थोडंच. ताई जेवल्या.

९ जानेवारी
आईचा फोन. बाळाचं सांगायचं होतं — राहिलं.

१५ जानेवारी
अमर हसत नाही. मीही —

२१ जानेवारी
आज ताई माझ्या शेजारी बसल्या. हळूच म्हणाल्या, "वहिनी, याच्यात गोळ्या रायतात, मले समजलं. आईनं पोटातल्या लेकराचंबी सांगतलं. तू नोको खाऊ. मी खातो."
घरात माझ्यासाठी एवढं कुणीच बोललं नव्हतं. ऐकलं मी. हात थांबला नाही. वाटी संपली, पुन्हा वाढून घेतली. बाळाची भीती वाटते का, शोधलं — सापडली असती तर मी लगेच —