तिसरी ओळ

४ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

अक्षर पाहून हसू नकोस, डाव्या हाताने लिहितोय. पडलो म्हणून सांगणार होतो, पण तुझी वहिनी म्हणाली, सख्ख्या बहिणीशी खोटं कशाला.

मंगळवारी शाळेच्या व्हॅनमध्ये एक मुलगी बेशुद्ध पडली. मी पोरांसकट गाडी वळवून थेट दवाखाना गाठला. कुणीतरी फोटो काढला आणि तासाभरात तुमच्या बातम्यांच्या ॲपवर आलं: व्हॅनचालक मुलांना घेऊन पसार, पालक हवालदिल. दवाखान्याच्या दारातच लोकांनी मला ओढलं. पान्याने उजवा हात ठेचला, तीन दात पाडले. पोरं काचेतून बघत किंचाळत होती. मी ओरडत होतो, मुलगी आत सलाईनवर आहे. एकाने माझे केस धरून मोबाइल डोळ्यांसमोर नाचवला, वाच म्हणाला. दोन ओळी, खाली 'पुढे वाचा'. ते दाबायला माझी बोटं उरली नव्हती.

नंतर नर्सने ते उघडून दाखवलं. तिसऱ्याच ओळीत होतं की पोलिसांनी खात्री केली, मुलं सुखरूप आहेत. चिमणे, वकील केलाय मी; ती ओळ आत कोणी ढकलली, जरा ऑफिसात विचारशील?

तुझा,
दादा

११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

विचारायची गरज नाही. मीच.

स्क्रीनवर काय कुठे दिसावं, हे ठरवणं माझं काम. पूर्ण बातमी दाखवली की लोक रेंगाळतात; दोनच ओळी ठेवल्या की भराभर पुढच्या बातमीवर सरकतात, जाहिराती जास्त बघतात. आम्ही चाचणी घेतली. शंभरातले चार जण 'पुढे वाचा' दाबत. तो आकडा मला ठाऊक होता, दादा. त्यावर शाबासकी घेतली मी.

काल साहेबांना म्हटलं, बातमी पूर्ण उघडी ठेवू. ते म्हणाले, लोक वाचतच नाहीत, त्याला आपण काय करणार. चाचणीचे सगळे कागद तुझ्या वकिलांना पाठवलेत. नोकरी जाईल, जाऊ दे.

माफी मागायचं तोंड नाही. तरी माया तोडू नकोस.

तुझी,
चिमणी

२६ मार्च

चि. चिमणीस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून समोरचं ताट भिंतीवर फेकलं. आठवडाभर तुझं नाव काढू दिलं नाही.

मारणारे चौघे पकडले गेले. पान्यावाला कोर्टात म्हणाला, जेवढं दिसलं तेवढं वाचलं. वकील म्हणतात, कंपनीवरही दावा लावता येईल, पण मग कागदांवर पहिली सही तुझी आहे. दाव्यात तिचंही नाव घालू का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, घाला.

नऊ तारखेला सुनावणी आहे. लॉजवर उतरू नकोस, घरीच ये. वहिनी बोलेल असं नाही, पण तुझी खोली तिने आवरून ठेवलीय.

अजूनही तुझाच,
दादा