यावुझच्या गोळ्या

आई,

तुम्ही बाजारात होतात तेवढ्यात अँब्युलन्स आली. यावुझला अंकाराला नेतायत, मी सोबत जातेय. पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीत गेल्या वर्षी नळी बसवली ना, तिच्या टाक्यांपाशी पुन्हा फुगा आलाय आणि तो गळतोय. सकाळच्या तपासणीत दिसलं. डॉक्टर म्हणाले, बेहचेतच्या आजाराने रक्तवाहिन्यांना येणारी सूज गोळ्यांनी दाबून ठेवली नाही तर कितीही चांगला टाका धरत नाही. "नवऱ्याला गोळ्या रोज देता ना?" तुम्ही देता म्हणून मी छातीठोकपणे हो म्हटलं.

त्याचं सामान भरताना तुमचा काढाही घ्यावा म्हटलं, तर बरणीत पाल्याखाली सगळ्या गोळ्या सापडल्या. त्या गोळ्यांनी त्याचं तोंड सुजायचं, तुम्हाला बघवायचं नाही. पण मला एका शब्दाने सांगायचंत तरी!

पोट पुन्हा उघडणार आहेत. या वेळी डॉक्टर नजरेला नजर देत नव्हते.

मसुराचं सूप शेगडीवर आहे, उपाशी राहू नका.

गेल्या वेळी तो पाण्यासारखा वाहत परत यावा म्हणून गाडीमागे तुम्ही बादलीभर पाणी ओतलंत. आज मीही बादली भरली, पण ओतायला हातच उचलेना. दाराशीच आहे. भांड्यांना वापरा.

नुर्तेन