खाटेखालच्या पेटीतली सहावी काच

माझ्या पेटीची गाठ कोणी सोडली, ते आधी बोला. नमस्कार, आशीर्वाद सगळं मागाहून.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी चार दिवस दवाखान्यात होते. जाताना खाटेखालच्या पेटीला सुतळी बांधून गेले, दोन वेढे आणि वर गाठ. मी डावखुरी, माझी गाठ डावीकडे पडते. परत आले तर गाठ उजवीकडे. डोळ्यावर पट्टी होती, बोटांवर नव्हती. आत सहा काचा होत्या, त्यातल्या पाच उरल्या. सहावी ज्या रुमालात गुंडाळलेली होती तो रुमाल नीट घडी करून परत ठेवलेला. एवढी शिस्त मीच लावली होती, त्यामुळे चोर घरचाच.

आता रीतीप्रमाणे. मी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी (परीक्षा दिली नाही), धंदा फोटोच्या काचांवर हात फिरवणं म्हणजे रिटचिंग, राहणार चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, माझ्या मागे काय करायचं ते या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, नसतं तर गाठ कळली नसती. मला कोणी धाक घातलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही. दोन्हीची घरात कोणाची छाती नाही. वकीलसाहेबांनी एक मसुदा टाईप करून पाठवला होता, त्यात मी 'सदर इसम' होते. तो मसुदा डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली घातला आहे. मृत्युपत्र समजायचं ते हेच.

कलम १. दोन खोल्या आणि मागची गॅलरी थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना सारखी. मध्ये भिंत घालायची नाही. भिंत घातली तर दोघांपैकी एकाला स्वयंपाकघर मिळेल आणि दुसऱ्याला नुसता वास.

कलम २. बँकेत उरेल ते मुलीला. किती ते इथे लिहीत नाही, नाहीतर वाचन संपेपर्यंत तुम्ही तेवढ्याच ओळीवर अडून बसाल.

कलम ३. खिडकीजवळची माझी खुर्ची सूनबाईला. लग्न होऊन आली तेव्हापासून म्हणते, "आई, ही खुर्ची काढून टाकू या, सारखी पायात येते." आता तिनेच तीत बसावं आणि बघावं कोण कोणाच्या पायात येतं.

कलम ४. माझी हत्यारं नातीला, म्हणजे थोरल्याच्या मुलीला. उतरती मेज, मेजेखालचा आरसा, पेन्सिली, तीन ब्रश, शाईची वडी आणि पातं. नात हेच काम कॉम्प्युटरवर करते. चुकलं की बटण दाबून मागे जाते. आमच्या कामात मागे जाणं नव्हतं, म्हणून ते काय होतं ते तिच्यासाठी लिहून ठेवते.

काचेवर सगळं उलटं असतं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. सुरकुती घालवायची तर काचेवर त्या रेघेत पेन्सिलीने बारीक टिंबं भरायची. भुवई दाट करायची तर पात्याच्या टोकाने खरवडायचं. खरवडलं तिथे कागदावर काळं उमटतं. एक चेहरा म्हणजे दोन दिवस. त्या काळातल्या बहुतेक नट्या माझ्या पेन्सिलीखालून गेल्या. एकीचे डोळे झोपाळू. एकीच्या गालाची हाडं अशी की सावलीला वेगळं बोलावणं लागत नसे. एकीचं नाक मी अकरा वर्षं सरळ करत होते, आणि एकदा ती जिन्यात समोरून आली तर मी ओळखलंच नाही, वर तिलाच विचारलं, "कोण हवंय?"

नात विचारते, "आजी, आताच्या नट्या काय कमी सुंदर आहेत? मग भिंतीवर अजून त्याच कशा?" प्रश्न बरोबर आहे. खाली चष्मेवाल्याकडे एक आहे. कोपऱ्यावरच्या केस कापणाऱ्याकडे दोन. शिंप्याकडची तर उन्हाने निळी पडली आहे, तरी तो उतरवत नाही. ती पडद्यावर होती तेव्हा शिंप्याचा जन्मही नव्हता. मला जे कळलं ते असं की त्या आपल्याकडे बघतच नव्हत्या. आपल्या खांद्यावरून मागे कोणाकडे तरी बघत होत्या. लोक साठ वर्षं मागे वळून बघतायत, कोण आलं म्हणून. आताच्या थेट डोळ्यात बघतात आणि विचारतात, आवडले का? एकदा हो म्हटलं की विषय संपला. बाकी त्या सौंदर्यातलं निम्मं माझ्या पेन्सिलीचं. फोटोच्या पाठीवर शिक्का मात्र स्टुडिओच्या मालकाचा. मालक गेले, शिक्का गेला, माझी तक्रार आहे तिथेच आहे.

कलम ५. पेटीतल्या पाच काचा. या तिळवालीच्या आहेत. तिचं नाव मी लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. वरच्या ओठाच्या उजवीकडे तीळ म्हटलं की अजून लोकांना एकच बाई आठवते. मासिकांनी त्याला जन्मखूण म्हटलं. मुली काजळाने तसा तीळ काढायच्या. नातीच्या एका मैत्रिणीने तर सुईने गोंदवून घेतलाय.

तो तीळ माझ्या चुकीचा आहे. तेव्हा थोरला पोटात होता, सातवा महिना. मेज आणि मी यांच्यामध्ये पोट, त्यामुळे हात लांबून चालवावा लागे. तिच्या ओठाची कड खरवडत होते आणि याने आतून लाथ मारली. पातं निसटलं. मोहरीएवढा कण उडाला. कागदावर तिथे काळा ठिपका. मी मालकांना दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण मोठी जाहिरात त्याच रात्री छापायला जायची होती, आणि त्याच काचेतला चेहरा सगळ्यांत चांगला आला होता. गेली. आठवड्याभरात गावभर तीळ. पुढच्या चित्रीकरणाला निर्माता तिला म्हणाला, "तीळ कुठे आहे?" तेव्हापासून तिने रोज सकाळी तो पेन्सिलीने काढला. अजून काढते. माझ्यावर ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, निदान डावीकडे तरी पाडायचा होतास. मी उजव्या कुशीवर झोपते, उशीला लागतो."

त्याच बैठकीच्या उरलेल्या पाच काचांत तीळ नाही. त्या बाहेर जाऊ देणार नाही असा शब्द मी तिला दिला आणि तो पाळला. घरात सगळ्यांना माहीत होतं, पेटी तिची आहे, हात लावायचा नाही. मी गेल्यावर नातीने त्या पाच काचा तिच्या घरी पोचवायच्या. दार उघडणारी नर्स म्हणेल, बाई कोणाला भेटत नाहीत. तेव्हा म्हणायचं, "हात फिरवणारीची नात." ती तोपर्यंत नसली तर काचा गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडायच्या. बघत बसायचं नाही.

कलम ६. सहावी काच. ही तिची नव्हे.

त्या बैठकीच्या दिवशी तिला यायला उशीर झाला. मालक मला म्हणाले, "ऊठ, खुर्चीत बस, उजेड लावून घेतो. तिची शाल घे. कानातलं घाल."

मी म्हटलं, "मला सातवा महिना आहे."

"पोट कोण बघतंय? चौकट खांद्यापर्यंतच आहे."

मी बसले. उजेड लावायला पाऊण तास लागला. मग त्यांनी एक काच माझ्यावर खर्च केली. चाचणीच्या काचा पुसून पुन्हा वापरायच्या असा स्टुडिओचा नियम होता. माझा नवरा तिथेच फोटोच्या चौकटी बनवायचा. त्याने ती काच पुसायला दिली नाही. आपल्या रुमालात गुंडाळून घरी आणली आणि पेटीत तळाशी ठेवली. बायकोला चांगली दिसतेस म्हणायचा त्याचा स्वभाव नव्हता, आणि ऐकून घ्यायचा माझाही नव्हता. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

थोरल्याने पेटी उघडली तेव्हा सहामधली एकच गुंडाळलेली दिसली. म्हणजे तीच भारी, असा हिशेब त्याने केला असणार. नेऊन दिली जुन्या तारकांचे फोटो जमवणाऱ्या गृहस्थाकडे. विकली की भेट दिली, मला ठाऊक नाही. मी जेवताना एकदाच विचारलं, "माझ्या पेटीला कोणी हात लावला?"

सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हाला भास होतायत. डॉक्टर म्हणाले होते, पट्टीमुळे होतं."

"तुला नाही विचारलं."

"त्यांनाही तेच वाटतं."

तो ताटाकडे बघत राहिला. लग्नानंतर त्याचं तोंड तिच्याकडेच राहायला गेलं आहे.

महिन्याभराने त्या गृहस्थाने प्रदर्शन भरवलं. वर्तमानपत्रात चित्र आलं: भिंतीवर माणसाएवढा मोठा फोटो, आणि बाजूला नवा कोट घालून थोरला. खाली छापलेलं, 'तिळवालीचं अप्रकाशित छायाचित्र, तीळ झाकून काढलेलं.' एका जाणकाराने लिहिलं होतं की या डोळ्यांत दूरवरच्या हाकेची ओढ आहे, असा चेहरा आता होणे नाही. त्या वेळी मला लघवीला लागली होती. पाऊण तास मालक उठू देईनात, आणि मोरी त्यांच्या पाठीमागे होती.

पेपर नातीने आणला. ती बराच वेळ बघत होती. म्हणाली, "आजी, हिचा कान बघ. खालची पाळी गालाला चिकटलेली. तुझ्यासारखी. बाबांसारखी. माझ्यासारखी."

मी म्हटलं, "कानावर कोणी हात फिरवत नाही. म्हणून कान खोटं बोलत नाही."

"म्हणजे ही तू?"

"पेपरची घडी घाल आणि चहा ठेव."

संध्याकाळी तिळवालीचा फोन आला. महिन्यातून एकदा येतो, या वेळी मधेच आला.

"पेपर बघितलास?"

"बघितला. मी उद्या त्यांना कळवते, चूक झाली म्हणून."

"खबरदार. साठ वर्षं तुझा तीळ मी लावला. आता माझं नाव तू लाव."

"लोक तुला म्हणून बघतायत."

"बघू देत. तीळ नसताना एवढी बरी दिसते म्हणतायत, मला काय वाईट आहे? ते जाऊ दे. शेजारी उभा आहे तो कोण? जावई?"

"मुलगा."

तिने विचारलं, "आणि त्याला कळलं नाही?"

मी म्हटलं, "दूध वर आलंय," आणि फोन ठेवला. दूध वर आलेलं नव्हतं.

म्हणून असं ठरवते. बाहेर कोणालाही काही सांगायचं नाही. भिंतीवरची ती तिळवालीच राहील. हा तिचा-माझा व्यवहार आहे आणि तो चुकता झाला. थोरल्याचा घरातला हिस्सा मी काढत नाही. काचेवर त्याने ओळखलं नाही, तेही मान्य. उलट्या चेहऱ्यात आपली माणसं ओळखायला वर्षं जातात. पण कागदावरचा सुलटा चेहरा दारापेक्षा मोठा होता, आणि हा त्याच्याशेजारी हसत उभा होता. तोच कान तो रोज दाढी करताना बघतो. आणि चौकटीच्या खाली, शालीच्या आत, तो स्वतः होता.

कलम ७. मी गेल्यावर फोटो लावायचाच असेल तर ओळखपत्रावरचा लावावा. त्यावर कोणी हात फिरवू नये. नवऱ्याचा रुमाल माझ्याबरोबर द्यावा.

वरचं सगळं मी लिहिलं, वाचून पाहिलं, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली. दोघांपैकी कोणाला या कागदातून काही मिळत नाही. एकाला चहा मिळाला, एकीने घेतला नाही.

सही : हात फिरवणारी (डाव्या हाताने)
साक्षीदार पहिला : खालचा चष्मेवाला
साक्षीदार दुसरी : डोळ्यांची डॉक्टरीणबाई, पट्टी हिनेच काढली
ठिकाण : माझी मेज, खिडकीजवळ
दिनांक : चौदा मार्च दोन हजार एकोणीस, गुरुवार

सह्या झाल्यावर खाली जागा उरली म्हणून वकीलसाहेबांसाठी. या मजकुराखाली माझी आणि दोघांची पुन्हा सही आहे.

साहेब, हा कागद तुम्ही आधी एकटे वाचाल. घरच्यांना वाचून दाखवण्याआधी तो पेपरातला फोटो टेबलावर ठेवा आणि एकच विचारा, ही कोण? बरोबर सांगितलं तर ती काच थोरल्याचीच, मी दिली असं समजा. नाही सांगता आलं तर त्याने ती परत आणून नातीला द्यायची. घाई करू नका, त्याला वेळ द्या. सूनबाईने बोलायचं नाही. मुलीने खुणा करायच्या नाहीत. नातीला माहीत आहे, तिला बाहेर बसवा. उत्तर थोरल्याने द्यायचं, आणि फोटोकडे बघून द्यायचं.