माफीचा शनिवार

अहो उन्नतीचे बाबा,

नाही, विसरली नाही मी. आज शनिवार आहे अन् उद्या चर्चात प्रभुभोजन, म्हणूनच तं तुमी सकाळपासून त्या रिकाम्या खुर्चीत बसून मले पाहून राहिले. मेल्यावर तरी माणसानं जरा आराम करावा!

खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत आपला नेमच होता. नवरा-बायकोनं आदल्या दिवशी एकमेकांची माफी मागायची, मगच प्रभूची भाकर अन् प्याला घ्यायचा; मनात राग ठेवून घेणं पाप. तुमी म्हणत, "एस्तेर, चुकलो असीन तं माफ कर वं." मी म्हणो, "आधी भांडे घासा, मग पाहू." तुमी खरंच घासत.

आता पास्टर म्हणते, "आई, उद्या नव्या जोडप्यांले तुमच्या संसाराची साक्ष द्या." भांड्यांचं सांगीन, सारे हासतीन.

पण उन्नतीनंतरचं लेकरू माह्या पोटातच गेलं, तवा तुमी ड्युटी सोडून दवाखान्यात आले नाही. मरेपर्यंत दर शनिवारी तुमी त्याचीच माफी मागत होते, हे मले समजे. "केलं माफ" म्हणून मी प्याला घेत होती.

खोटं बोलत होती मी. तुमाले माफ केलंच नाही, आजही नाही.

तुमचीच,
एस्तेर