शेतांचे नव्हे, शेतांच्या नावांचे संपादन

प्रति,
मा. खुलासा अधिकारी,
नामसादृश्य निवारण कक्ष,
परभणी.

विषय : आमचे ‘संपादन’ आणि शासनाचे ‘संपादन’ ही दोन वेगळी संपादने असल्याबाबत शिक्क्यानिशी खुलासा मिळणेबाबत. (मूळ विनंतीत परिच्छेद १० मध्ये बदल केला आहे, कृपया शेवटपर्यंत वाचावे.)

संदर्भ : १) आमचा फलक. २) फलकाखाली जमलेली गर्दी.

अर्जदार : शिवकन्या व्यंकटी पौळ, समन्वयक, संयुक्त संपादन मंडळ, स्टेशनसमोर, पिठाच्या गिरणीवर, पिंगळी.

महोदय,

हात जोडून, आणि दार आतून लावून, अर्ज करते की,

१. पिंगळी, चुडावा आणि सोनपेठ अशा तीन ठिकाणी डिजिटल मानव्यविद्येची तीन मंडळे आहेत. डिजिटल मानव्यविद्या म्हणजे काय, हे मला घरच्यांनाही अजून पटवता आलेले नाही, तरी आपल्या माहितीस्तव सांगते. लोकांच्या ओव्या, म्हणी, शेताशिवाराची नावे मोबाईलवर गोळा करायची, संगणकावर नीट लावायची, त्यांचा अभ्यास करायचा आणि तो सगळ्यांना वाचायला फुकट खुला ठेवायचा. तिन्ही मंडळे हेच करीत होती आणि तिघांची तीन स्वतंत्र नियतकालिके निघत होती. पिंगळीचे पिंगळीवाले वाचत, चुडाव्याचे चुडाव्यावाले, आणि सोनपेठचे तर लिहिणाराही दुसऱ्यांदा वाचत नसे. एक ना धड, भाराभर चिंध्या!

२. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो दुसऱ्या तशाच माणसाशी सावड करतो आणि औत चालते. आम्हीही तेच ठरविले. वेबसाइट पिंगळीची, ध्वनिमुद्रणाचे सामान चुडाव्याचे, व्याकरण सोनपेठचे. एका मंडळाचा लेख दुसऱ्याने तपासायचा, आणि तिघांचे मिळून एकच नियतकालिक. पहिला संयुक्त अंक शेतांच्या नावांचा. करारातली अट अशी, की अंकातील पहिली नोंद तिन्ही संपादकांच्या एकमताने निवडावी आणि अंक या महिन्याच्या अखेरीस निघावा. न निघाल्यास करार रद्द, ज्याचा बैल त्याच्या गोठ्यात. चुडाव्याचे संपादक प्रा. रामप्रसाद दुधाटे, सोनपेठचे श्री. बन्सीधर गिराम आणि पिंगळीची मी. या दोन सद्गृहस्थांचे ‘पाऊस पडतो आहे’ यावरही कधी एकमत झालेले नाही. सर म्हणणार, ‘पडायलाय’ असे लिहा. गिरामकाका म्हणणार, आधी पडू द्या. तीन तिगाडा काम बिगाडा असे गिरणीवाले पहिल्याच दिवशी म्हणाले होते. पण हा करार जमवायला मी फार झिजले आहे, महोदय. तो मोडला तर मी रडेन, आणि हे वाक्य शासकीय भाषेत कसे लिहितात ते मला ठाऊक नाही.

३. मुख्य तक्रार फलकाची आहे. फलकावर ‘संयुक्त संपादन मंडळ. येथे पिंगळी, चुडावा, सोनपेठ परिसरातील शेतांच्या नावांचे संपादन केले जाते’ असा मजकूर द्यायचा होता. पेंटरने ‘शेतांच्या’पर्यंत हात सैल सोडला. पुढे जागा उरेना, तेव्हा ‘नावांचे’ हा शब्द त्याने कडेला उभा, मुंगीएवढ्या अक्षरात बसविला आणि ‘संपादन’ मात्र तांबड्या रंगात, ढोलाएवढे. स्टेशनवरून वाचले तर एवढेच दिसते : संयुक्त, शेतांच्या, संपादन. आपल्या जिल्ह्यात संपादन म्हटले की माणसाला पुस्तक आठवत नाही, रस्ता आठवतो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

४. पहिल्या आल्या त्या पिंगळीच्याच चांगुणाबाई. ‘माय, आमचं वावर कधी घेणार तुमी?’ असे त्यांनी विचारले. यापूर्वी शेताचे नाव विचारायला गेले की लोक कुत्रे सोडीत. इथे एक बाई स्वतःहून जिना चढून आल्या! मी हर्षाने वेडी झाले. म्हणाले, घेते की, आत्ताच घेते. त्यांनी विचारले, जुनं चालतं का? मी म्हणाले, जितकं जुनं तितकं मोलाचं. त्यांनी विचारले, समदं घेता का थोडं? मी म्हणाले, एक कोपराही सोडणार नाही. मग त्यांनी ‘सवतीची पट्टी’ हे नाव सांगितले आणि त्यामागची कहाणीही सांगितली. कहाणी इतकी झणझणीत होती की खाली गिरणी बंद करून लोक ऐकत होते. आमच्या नियमाप्रमाणे मी त्यांच्याकडून संमतीपत्रावर अंगठा घेतला. पावती म्हणून सांगितले की आता यावर हरकती मागवू, मग समीक्षक निवाडा देतील. महोदय, यातला एकही शब्द खोटा नव्हता. आमच्याकडे लेख छापण्याची हीच रीत आहे. पण चांगुणाबाईंनी खाली जाऊन जे सांगितले ते असे : ‘संमती झाली, हरकती निघायल्यात, निवाडा यायलाय. पोरीचा स्वभाव लय चांगला हाय.’

५. दुसऱ्या दिवसापासून जी रांग लागली ती आजतागायत हटलेली नाही. बसचे कंडक्टर पिंगळीच्या थांब्यावर ‘संपादनवाले उतरा’ असे ओरडतात. गिरणीच्या बाजूला ‘संपादन टी हाउस’ उघडले आहे व तेथील भजी चांगली असतात, हे प्रामाणिकपणे नमूद करते. मावेजा, म्हणजे जमिनीचा सरकारी मोबदला, वाढावा म्हणून लोकांनी भर मे महिन्यात वावरात आंब्याची रोपे लावली, आणि उन्हात ती जगेनात म्हणून त्यांच्या डोक्यावर छत्र्या बांधल्या. चुडाव्याकडे एका माळावर रातोरात नव्हे, तर भरदिवसा, वाजतगाजत, बिनभिंतीचे घर उभे राहिले. नुसतीच चौकट आणि तोरण. मी जाऊन सांगितले की बाबांनो, असे काही नाही. त्यावर मालक नम्रपणे म्हणाले, ‘न्हाईच म्हणायचं असतंय, मॅडम. आमी कुठं काय बोललो?’ आणि त्यांनी डोळा मारला. मला आजवर कोणी डोळा मारलेला नव्हता.

६. याहून गंभीर बाब शास्त्रीय आहे. जुन्या नावाला जास्त मावेजा, असा समज पसरल्यावर नावेच बदलू लागली. ‘भुताचं लवण’ सांगून गेलेले गृहस्थ परत येऊन ‘सोनखाण’ लिहा म्हणाले. एका खडकाळ तुकड्याचे नाव ‘पिढीजात विमानतळ’ असे आले. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! रामप्रसादसर म्हणाले, खोटे नाव छापणार नाही. गिरामकाका म्हणाले, लोकांनी खोटे नाव ठेवले ही खरी घटना आहे, ती छापलीच पाहिजे. सर म्हणाले, मग विमानतळाची पिढी कोणती ते लिहा. काका म्हणाले, पुढची. इथून जे पेटले त्यात दोघांनी एकमेकांचे लेख नापास केले. एकमेकांचे लेख तपासण्याची सोय करारात मीच घातली होती. आ बैल मला मार म्हणतात ते हेच. पहिल्या नोंदीसाठी मी त्यांच्यापुढे नावांमागून नावे ठेवली. एकाने हो म्हटले की दुसरा नाही म्हणे, आणि दोघांनी हो म्हटले की दोघेही घाबरून मागे घेत.

७. शेवटी मी भोंगा लावून जाहीर केले की येथे मावेजा मिळणार नाही, मोबदला म्हणून फक्त अंकाची प्रत मिळेल. लोकांनी टाळ्या वाजविल्या. ‘ऑर्डरची प्रत मिळायलीय’ अशी बातमी सोनपेठच्या बाजारापर्यंत गेली. अंकावर ‘खंड पहिला’ असे छापतात हे कळल्यावर आम्हाला पहिल्याच खंडात घ्या, दुसऱ्या टप्प्याची गॅरंटी नसते, म्हणून हमरीतुमरी झाली. तेव्हा माझी मूळ विनंती अशी होती की, आपल्या कक्षाकडून ‘सदर मंडळ जमीन घेत नाही, देत नाही व त्यातले काही समजत नाही’ असे शिक्क्याचे पत्र मिळावे, म्हणजे भीक नको पण कुत्रा आवर या न्यायाने आम्ही सुटू.

८. अर्ज येथवर लिहून झाला असताना काल सकाळच्या पॅसेंजरने चुडाव्याकडून एक वृद्ध गृहस्थ आले. रांगेत शांत उभे राहिले. पाळी आल्यावर मी नेहमीची घोकंपट्टी सुरू केली, तर म्हणाले, ‘ठाऊक हाय मला, मावेजा बिवेजा काय न्हाई. फलकावर कडंला बारीक लिवलंय ते वाचलंय म्या. मला नावच लिवायचंय.’ महोदय, इतक्या गर्दीत ‘नावांचे’ हा शब्द वाचणारा पहिला माणूस! मी त्यांच्या पायाच पडले. त्यांच्या शेताचे नाव ‘योग्याचं रुसकं’. त्यांचा मुलगा लहानपणी रुसला की घरातून निघायचा आणि बांधावरच्या बाभळीखाली तोंड फिरवून बसायचा. बाजारातून शेव आणली नाही, रुसला. शेव आणली पण बहिणीला आधी दिली, रुसला. आई जेवायला हाका मारायची, हा ढिम्म. मग बाबा जाऊन त्याला खांद्यावर घालून आणायचे, आणि तो खांद्यावरूनही रुसलेलाच असायचा. पुढे सगळे गावच म्हणू लागले, रुसक्यात काय पेरलं, रुसकं निंदून झालं का. ‘आता सातबाऱ्यावर नुसता गट नंबर हाय,’ बाबा म्हणाले. ‘गट नंबराला कुणी हाक मारतंय का?’

नंतर ते थोडे थांबून म्हणाले की मुलगा आता मोठा साहेब आहे, कामात असतो, फोन करतो पण घाईत करतो, आणि गावाकडे येणे होत नाही. तक्रार म्हणून बोलले नाहीत. मी तेही लिहून घेतले.

रामप्रसादसर आणि गिरामकाका शेजारच्या टेबलावर विमानतळावरून भांडत होते, ते कधी उठून जवळ आले मला कळले नाही. सर म्हणाले, हे पहिले. काका म्हणाले, हेच पहिले. मी कान चोळले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि यावेळी कोणीच माघार घेतली नाही. ‘रुसकं’वर अनुस्वार द्यावा की नाही यावरही एकमत झाले! मी टी हाउसमधून सगळ्या रांगेला भजी मागविली. चांगुणाबाईंनी विचारले, ‘निवाडा झाला का?’ मी म्हणाले, झाला माय, झाला.

९. तथापि एक तांत्रिक अडचण उरली. ज्या नावात हयात व्यक्तीचे नाव येते, त्या व्यक्तीची लेखी संमती असल्याशिवाय आम्ही नोंद छापत नाही. म्हणून बाबांना मुलाचे पूर्ण नाव व हुद्दा विचारला. त्यांनी सांगितले, मी लिहिले, आणि लिहिता लिहिता मला आपल्या कक्षाच्या दारावरची पाटी आठवली, जी चौकशीला आले तेव्हा मी वाचली होती : योगीराज सूर्यभान खटिंग. बाबांना म्हणाले, अहो, मी यांनाच अर्ज लिहायलेय! सूर्यभानबाबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले.

१०. सबब, परिच्छेद ७ मधील विनंती मी मागे घेते. गर्दीचे आमचे आम्ही बघू. भजी खाता खाता पुष्कळ जण आपली खरी नावे परत सांगू लागले आहेत. ‘सोनखाण’ पुन्हा ‘भुताचं लवण’ झाले असून, छत्र्यांखालच्या रोपांपैकी काही जगतील असे दिसते. आता विनंती एकच : सोबतच्या संमतीपत्रावर आपण सही करावी. आपल्या सहीने तीन मंडळांची सावड टिकते आणि अंक निघतो. सही नसेल तर महिनाअखेरीस सगळे मोडते.

आपण नकार दिल्यास काय करावे, असे मी बाबांना विचारले होते. त्यांचे उत्तर नोंदीसाठी जसेच्या तसे देते : ‘न्हाई म्हणला, तर समजा आजून रुसलाय. मला कळवा. म्या येतो न्यायला.’

आपली नम्र, आणि आज भलतीच खुशीत असलेली,

(सही)
शिवकन्या व्यंकटी पौळ
समन्वयक, संयुक्त संपादन मंडळ, पिंगळी
दि. २१ मे २०२५

सोबत :
१) फलकाचा फोटो (‘नावांचे’ या शब्दाभोवती गोल केला आहे).
२) पहिल्या नोंदीचे कच्चे मुद्रित, तिन्ही संपादकांच्या सह्यांसह.
३) संमतीपत्र. सहीची जागा कोरी आहे. साक्षीदार म्हणून वडिलांनी सही आधीच केलेली आहे.